लग्नपत्रिकेच्या पाठीवर

आमच्या वकीलअप्पांना कोऱ्या कागदावर लिहायचा भयंकर कंटाळा होता. कंजूषपणा म्हणावा तर तसंही नाही; कपाटात कोऱ्या फूलस्केपची रिमं नुसती पडून असत. पण टिपणं काढायची ती लग्नपत्रिकेच्या पाठीवरच. निम्म्या सोलापूरचे ते वकील आणि उरलेल्या निम्म्याचे विरुद्ध बाजूचे वकील, त्यामुळे पत्रिकांना तोटा नव्हता. अप्पा लग्नाला जात, पोटभर जेवून येत आणि दुसऱ्या दिवशी ती पत्रिका टेबलावरच्या गठ्ठ्यात सरकवून देत. मग कधीतरी कुणाच्या तरी फारकतीची हकिगत तिच्यामागे उतरायची. एका बाजूला गणपती आणि हळदीची बोटं. उलटलं की, 'नवऱ्याने दोनदा घराबाहेर काढले, साक्षीदार शेजारीण.'

मी एकदा धीर करून म्हटलं, "अप्पा, हे बरं दिसत नाही."

"का रं? दोन्ही बाजू एकाच कागदावर हायत की. वकिलाला आनि काय लागतंय?"

मी त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून लागलो तेव्हा सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. नवी पेठेत एका कापड दुकानाच्या डोक्यावर त्यांचं ऑफिस होतं. जिना इतका अरुंद की वर येणारा आणि खाली जाणारा यांच्यात आधी तडजोड व्हावी लागे. अप्पांचा कोट एके काळी काळा होता. एप्रिल लागला की ते ओला पंचा डोक्यावर टाकून बसत आणि न्यायाधीशांसमोर जायच्या आधी तो पिळून, घडी घालून माझ्या हातात देत. माझ्या वकिलीच्या पहिल्या दोन वर्षांतलं मुख्य काम म्हणजे तो पंचा सांभाळणं. गाव त्यांचं अक्कलकोटच्या पलीकडचं. घरी कानडी, बाजारात मराठी, कोर्टात इंग्रजी. रागावले की कानडीत सुरू होत, म्हणून पहिले काही महिने ती भाषाच मला रागीट वाटायची. मग कळलं, माया आली की तेही कानडीतच बोलतात.

ऑफिसात अशिलांसाठी चार खुर्च्या होत्या आणि एक बाक. हे बाक पहिलीच्या वर्गातलं, गुडघ्याएवढं. कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेलं ते अप्पांनी उचलून आणलं होतं. जमिनीचा दावा असो, भाडेकरूचं भांडण असो, अशील खुर्चीवर. पण मुलाच्या ताब्यासाठी आई आली किंवा बाप आला, की अप्पा हातानं बाकाकडे दाखवायचे, "बर्री, कुंदर्री." या, बसा. मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून त्या बाकावर बसलेली मी पाहिली आहेत. तिथं बसल्यावर ऐट म्हणून राहत नाही.

मग अप्पा शेंगा फोडायला घेत. टेबलावर पातेलीभर भाजलेल्या शेंगा कायम असायच्या. समोरचा माणूस आपली कहाणी सुरू करणार, तोच अप्पा एक शेंग फोडून विचारत, "पोरगं कुटल्या कुशीवर झोपतंय?"

माणूस गांगरायचा. अप्पा दुसरी शेंग फोडायचे. ताटात शेवटी काय शिल्लक ठेवतंय? कडू औषध कसं पाजता? कशाला भितंय? रडायला लागलं तर कशानं गप बसतंय? सध्या कुठला दात हलतोय? असे सहा-सात प्रश्न ठरलेले होते; क्रम तेवढा बदलायचा. उत्तरं आली नाहीत तर अप्पा वकीलपत्र घेत नसत. मग अशील कुणी का असेना. "अजून सा म्हैनं पोर संबाळा आनि मग या," असं म्हणून वाटेला लावत. गंमत अशी की बाप बहुतेक नापास व्हायचेच, पण आयाही सगळ्याच पास होत असं नाही.

एकदा एक बडे व्यापारी आले. मोटार खाली उभी. त्यांना मुलगा हवा होता, एकुलता एक, दुकानाचा वारस वगैरे. बाकावर त्यांचं अर्धंच अंग मावलं. पोरगं रडायला लागलं तर कशानं गप्प बसतं, असं अप्पांनी विचारल्यावर ते म्हणाले, "थांबा, ड्रायव्हरला बोलावतो." ड्रायव्हर वर आला. साधा माणूस, दारातच उभा राहिला. त्याने एका दमात सगळं सांगितलं. छोट्या शेठला मोटारीच्या हॉर्नवर हात ठेवू दिला की तो हसतो, वरणातली कोथिंबीर वेचून काढतो, डॉक्टरच्या दवाखान्याचा वास आला की मुतायला जातो म्हणतो. अप्पांनी शेंगांची पातेली त्याच्यापुढे केली. व्यापाऱ्यांना म्हणाले, "शेठ, तुमी जावा. ह्येला अर्ज करायचा असंल तर मी उबा ऱ्हातो."

ही गोष्ट पुढे बाररूममध्ये वर्षानुवर्षं सांगितली गेली. अप्पांना वेडसर म्हणणारे वकीलही ती रंगवून सांगत. मीही पुष्कळदा सांगितली आहे. अप्पांबद्दलच्या बाकीच्या गोष्टी सांगायची वेळ येऊ नये म्हणूनच मी ती सांगत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

हे प्रश्न त्यांना कुठून सुचले, ते मी एकदाच विचारलं. अप्पांनी टेबलावरची टरफलं गोळा केली. मग म्हणाले, "मी पाच वर्साचा होतो. आईबाप येगळे झाले. पंच बसले. शेती किती, जनावरं किती, पोरगं कुनाला. मला चुलत्याकडं दिलं. मान्सं वाईट न्हवती रं. पन मला भाकरीचा पापुद्रा काढून द्यावा लागायचा. तितं कुनालाच ठावं न्हवतं, आनि मी सांगितलं न्हाय." एवढंच. पुढच्या क्षणी त्यांनी मला उद्याच्या तारखेची फाइल काढायला सांगितली.

आता टाळाटाळ पुरे.

श्रीपूरकडच्या साखर कारखान्यात टाइमकीपर असलेला एक माणूस आला. मूळचा माढ्याकडचा. नाव दिगंबर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं अतिशय नम्र. बायको सुशीला सात वर्षांच्या मुलीला, नंदाला, घेऊन साखर पेठेत भावाकडे आली होती. सासूसुनेचं पटत नव्हतं आणि हा आईपुढे ब्र काढत नव्हता. आता फारकत ठरल्यातच जमा होती. त्याला मुलगी हवी होती. अप्पांनी बाकावर बसवलं, तीन प्रश्न विचारले. तिन्हीला तो मान खाली घालून गप्प राहिला. अप्पांनी हात जोडले.

मी त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेलो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. आजही मी तसंच म्हणेन. पण मला नुसती दया आली असं सांगितलं तर ते खोटं होईल. अप्पांनी त्या महिन्यात ताब्याची चार कामं परत पाठवली होती. मी पंचा सांभाळून वैतागलो होतो. मला एक बरं प्रकरण हवं होतं, ज्यात अर्ज मी लिहीन, साक्षीपुरावा मी तयार करीन, आणि बाररूममध्ये कुणीतरी माझी पाठ थोपटील. मी त्याला खालच्या हॉटेलात नेलं, चहा पाजला आणि म्हटलं, "अहो, ते हेच विचारतात सगळ्यांना. माहिती करून घ्या आणि पंधरा दिवसांनी या." त्याने पेन काढलं. कागद नव्हता. माझ्या खिशात अप्पांच्या गठ्ठ्यातली एक पत्रिका होती. तिच्या पाठीवर मीच, माझ्या वळणदार अक्षरात, सहा प्रश्न लिहून दिले.

बापाने मुलीची माहिती करून घेतली तर त्यात वाईट काय, अशी मी मनाची समजूत घातली. माहिती कुणाकडून करून घेणार, हे मात्र मी त्याला विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी तो आला आणि बाकावर बसून घडाघडा बोलला. नंदा डाव्या कुशीवर झोपते. ताटात शेवटी भाताचा एक घास ठेवते, तो चिमणीचा. औषध गुळाच्या खड्यामागे. पिंजाऱ्याच्या धनुकलीच्या आवाजाला भिते. रडली तर तिला डबा उघडून बटणं मोजायला बसवायचं. वरचा पुढचा दात हलतोय, ती जिभेनं ढकलत असते. अप्पा शेंगा फोडायचे थांबले होते. मी त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पूर्वी पाहिला नव्हता. "शिकला की रं मानूस!" ते मला म्हणाले. "बगितलंस? परत पाटवलं की शिकत्यात." आणि त्यांनी वकीलपत्रावर सही केली.

आठवड्याभरातच सुशीलाबाई जिना चढून आल्या. कुणीतरी सांगितलं होतं त्यांना, पोराचं विचारणारा एक वकील आहे म्हणून. कडेला नंदा, आईचा पदर मुठीत धरून. त्या आपण होऊनच त्या बाकावर बसल्या. अप्पा उठून उभे राहिले, आणि कानडीत आईला म्हणतात तसं तिला अव्वा म्हणाले. "अव्वा, लई उशीर केलास. मी त्येंचं वकीलपत्र घेतलंय. आता तुज्याशी एक शब्द बोलायचा मला हक न्हाय." बाई मुलीचा हात धरून उठल्या. नंदा जाताना पातेलीकडे बघत होती. अप्पांनी मूठभर शेंगा तिच्या फ्रॉकच्या ओच्यात घातल्या.

सुशीलाबाईंनी दुसरा वकील केला. त्याने सगळ्याच वकिलांसारखं बजावलं, विचारलं तेवढंच बोलायचं. बाईंनी तेवढंच केलं. सासूचा जाच झाला का, झाला. नवऱ्याने मारलं का, नाही. अप्पांच्या उलटतपासणीत एकही प्रश्न मुलीबद्दल नव्हता. भावाच्या घरी खोल्या किती, एक. माणसं किती, नऊ. तुमचं काम काय, टॉवेलांच्या काठच्या दशा वळते. अप्पांना पक्कं ठाऊक होतं की मुलीबद्दल विचारलं तर ही बाई सगळं सांगेल, आणि वकीलपत्र एकदा घेतलं की ते हरण्यासाठी लढत नसत. उलट दिगंबरला पिंजऱ्यात उभं करून त्यांनी त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं, अगदी चिमणीच्या घासापर्यंत. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवून ऐकलं. नंदाला त्यांनी आत बोलावून विचारलं, तर ती टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे नुसती बघत राहिली.

ताबा बापाला मिळाला. निकालात एक वाक्य होतं, अर्जदाराला आपल्या मुलीच्या बारीकसारीक सवयींची असामान्य जाण आहे. ते वाक्य मी अप्पांना दोनदा वाचून दाखवलं.

मुलगी सोपवायची ती कोर्टाच्या व्हरांड्यातच. दिगंबर तिला घेऊन स्टँडकडे गेला. ती रडली नाही, मागे मान वळवून चालत राहिली, एवढंच. मी अप्पांचा पंचा घेऊन उभा होतो. तेवढ्यात सुशीलाबाई आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता शिव्याशाप देणार.

"सायेब, येक सांगायचं ऱ्हायलं बगा," त्या म्हणाल्या. "बाकी समदं त्यांनी लिहून न्हेलंय. दोन रविवार आले हुते. उंबऱ्यावर बसून येकयेक इचारत हुते. मला वाटलं, मन फिरलं, आमाला घरी न्यायला आल्यात. मी च्या केला. समदं सांगितलं, हसून हसून सांगितलं. पन येक त्यांच्या कागदावर न्हवतं. पोरगी झोपंत दचकती. तवा तिला हाक मारायची न्हाय. हाक मारली की लई घाबरती. नुसता हात ठिवायचा पाठीवर. तेवडं सांगा त्यांना."

अप्पांनी विचारलं, "कसला कागद, अव्वा?"

"लग्नाची पत्रिका हुती की. तिच्या पाठीमागं लिवलेलं. लई चांगलं अक्षर."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंच्याची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"अक्षर कुनाचं?"

"माझं."

त्यांनी कानडीत काही म्हणावं, ओरडावं, असं मला फार वाटलं. ते मराठीतच म्हणाले, "पळ. गाडी सुटायच्या आत त्येला सांग."

मी पळालो. अंगात काळा कोट, हातात ओला पंचा. लोक बघत होते. श्रीपूरवरून जाणारी अकलूजची गाडी चालू होऊन उभी होती. तिसऱ्या खिडकीत नंदा, तिच्या पलीकडे दिगंबर. मी गजाला धरून धापा टाकत निरोप सांगितला. तिला झोपेत दचकायला होतं, हाक मारू नका, पाठीवर हात ठेवा. त्याने अगदी मन लावून ऐकलं.

"थांबा हां," तो म्हणाला, "लिहून घेतो."

खिशातून त्याने ती पत्रिका काढली. घड्यांवर मऊ पडली होती. माझ्या सहा प्रश्नांखाली तो सातवं लिहू लागला. मांडीवर कागद ठेवून, नीट, आकडा घालून. नंदा माझ्याकडे बघत होती. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा तो अजून लिहीतच होता.

अप्पांनी मला ऑफिसातून काढून टाकलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं. ते चिडलेसुद्धा नाहीत. फक्त संध्याकाळी शेंगा न फोडता बसले होते, तेव्हा म्हणाले, "तुजं येकट्याचं न्हाय रं. तीस वर्सं मी 'काय ठावं हाय' एवडंच इचारत आलो. 'कुनी सांगितलं' ते कदी इचारलंच न्हाय." दुसऱ्या दिवशी बाक नव्हतं. जवळच्या बालवाडीत देऊन टाकलं म्हणे. ताब्याचं एकही काम त्यांनी त्यानंतर घेतलं नाही. टिपणंही कोऱ्या कागदावर काढू लागले, आणि ती बघून मला रोज लाज वाटायची.

पण त्यांनी एक केलं. दिगंबरला पत्रं लिहिली, एकामागून एक, तो सुट्ट्यांना मुलगी आईकडे पाठवायला कबूल होईपर्यंत. तो कबूल झाला; मी म्हटलं ना, त्याच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं. आणायला मात्र त्याला सवड नसे. मग दर मे महिन्यात आणि दर दिवाळीला अप्पा स्वतः एसटीने श्रीपूरला जात, डोक्यावर पंचा टाकून, आणि नंदाला साखर पेठेत आईच्या दारात सोडत. सुट्टी संपली की परत पोचवत. सत्तरीकडे झुकलेला माणूस, सहा वर्षं. निघताना दरवेळी विचारायचे, "येतोस?" आणि मी दरवेळी म्हणायचो, उद्या तारीख आहे. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच. मला त्या मुलीसमोर जायचं नव्हतं.

अप्पा गेले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. तेराव्यानंतर मी ऑफिस आवरत होतो. सुशीलाबाई आणि नंदा जिना चढून आल्या. नंदा चौदा वर्षांची, दोन वेण्या, आईइतकी उंच. बाई रिकाम्या खुर्चीच्या पाया पडल्या. नंदा माझ्याकडे बघत होती, गाडीच्या खिडकीतून बघत होती तशीच.

"तुम्हीच ना ते? स्टँडवर पळत आलेले?"

मी मान हलवली. काहीतरी बोलायला हवं होतं. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते सगळं ओठांवर आलं, आणि त्यातलं काहीच विचारायचा मला अधिकार नव्हता. शेवटी मी एवढंच विचारलं, "मी सांगितलेलं... बाबांच्या लक्षात राहिलं का?"

"त्यांनी लिहून घेतलं होतं की," नंदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त सांगत होती. "अप्पांबरोबर येताना मी गाडीत झोपायचे, तेव्हा अप्पा पाठीवर हात ठेवायचे. घरी बाबा हाकच मारायचे. तो कागद खुंटीवरच्या शर्टात असायचा."